वाळूच्या पेटीतली सुरत

मित्रांनो, जळगावला रेल्वे स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक दुमजली घर आहे. त्याच्या मागच्या ओसरीत, मोडक्या खुर्च्यांच्या खाली मी पडून असते. मी लाकडाची उथळ पेटी आहे. मला झाकण नाही, कडीकुलूप नाही आणि माझ्यात कुणी कधी कपडे किंवा दागिने ठेवले नाहीत. माझ्यात वाळू असायची. मुले त्या वाळूत खेळायची आणि जे त्यांना तोंडाने सांगता येत नसे, ते हातांनी सांगायची. आता माझी एक बाजू फुगली आहे, खिळे गंजले आहेत. पण मी पाहिलेले मला नीट आठवते.

मला नशिराबादच्या बन्सीलाल मिस्त्रींनी घडवले. ते दारे-खिडक्या करत, कधी देव्हारे करत. एक दिवस मोहिनीताई नावाच्या एक बाई त्यांच्याकडे आल्या. त्या मुलांवर खेळातून उपचार करीत. मिस्त्रींना काही हे नीट उमगले नाही.

"पेटी पाहिजे, पण झाकण नको. आणि आतून तळ निळा रंगवायचा?" मिस्त्री म्हणाले. "निळा कशाला, ताई?"

"मुलांनी वाळू बाजूला केली की खाली पाणी दिसायला हवं."

मिस्त्री हसले. "आमच्या नदीत तर वाळू बाजूला केली की खाली वाळूच निघते."

पण त्यांनी तळ निळा रंगवला आणि कडा हाताने घासून घासून अशा गुळगुळीत केल्या, की कुणा मुलाच्या तळहातात कुसळ जाऊ नये. तापीची वाळू आणून मोहिनीताईंनी ती चाळली, धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली आणि माझ्यात ओतली. वाळू गरम होती. तो माझा पहिला दिवस.

याच घरातली मोहिनीताईंची खोली साधी होती. खाली सतरंजी, भिंतीशी एक फळी. फळीवर लाकडी माणसे, रबरी गाई-म्हशी, मातीची इवलीशी भांडी, एक टिनाची बस, डॉक्टरची पेटी, दोरीने जोडलेले आगगाडीचे डबे. नवीन मूल आले की ताई त्याच्याशेजारी खाली बसत आणि म्हणत, "इथे तुला हवं ते खेळ. स्वतःला लागेल असं करायचं नाही, मला लागेल असं करायचं नाही. बाकी सगळं चालतं." मग त्या गप्प बसत. काय खेळावे, हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. पुष्कळ आईबापांना ते पटत नसे. बाहेरच्या बाकावरून कुजबुज ऐकू येई, की खेळायचेच तर घरी काय कमी जागा आहे. पण मुले खेळत आणि ताई पाहत. मी त्या दोघांच्या मध्ये असे.

माझ्या वाळूत किती मुलांनी काय काय केले! कुणी लढाया केल्या, कुणी बाजार मांडले. एका मुलीने महिनाभर फक्त एकच खड्डा खणला आणि मग एके दिवशी तो आपणहून बुजवून टाकला. त्या सगळ्यांत मला जास्त आठवतो तो कुंदन. त्याचीच गोष्ट, त्या खोलीत जशी कानावर आली तशी, तुम्हाला सांगते.

कुंदन सहा वर्षांचा होता. अमळनेरजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील योगराज कापसाची शेती करीत. त्याची आई पुनम. एका पावसाळ्यात पुनमला ताप आला आणि तो उतरेना. योगराजने तिला सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात नेले, कारण तिथे तिचा भाऊ कामाला होता. कुंदनजवळ त्याची आजी, म्हणजे पुनमची आई, घरी येऊन राहिली. आजीचे नाव सुनंदाबाई. सगळे तिला अक्का म्हणत. जाताना पुनमने आगगाडीच्या खिडकीतून हात हलवला होता. ती परत आली नाही. पावसाने रस्ते तुटले होते आणि गाड्या बंद होत्या, त्यामुळे अंत्यसंस्कार सुरतेलाच उरकले. ना अक्काने लेकीचे तोंड पाहिले, ना कुंदनने आईचे.

योगराज एकटाच घरी परतला, तेव्हा कुंदन दारात उभा होता. अक्काच पुढे झाली आणि म्हणाली, "माय सुरतले शे, भाऊ. बरी व्हयनी का येई."

आई सुरतेला आहे, बरी झाली की येईल, हेच घरात ठरून गेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ताकीद दिली गेली. पुनमचा फोटो भिंतीवर लागला नाही, कारण फोटो लावला म्हणजे हार घालावा लागतो.

सुरुवातीला कुंदन रोज विचारी. "माय कव्हय येई?" "येई." मग त्याने विचारणे सोडले. मग हळूहळू बोलणेच सोडले. शाळेत तो वर्गातल्या पोरांना चावू लागला. त्याच्या वर्गाच्या सारिका मॅडम चक्रावल्या. दिवाळीआधी जो मुलगा घडाघडा बाराखडी म्हणत होता, त्याला आता स्वतःच्या नावातला 'क' ओळखू येत नव्हता. रात्री त्याचे अंथरूण ओले होई. मॅडमनी योगराजला बोलावून सांगितले, "पोरगा मठ्ठ नाही हो. त्याच्या मनावर काहीतरी बसलंय. त्याला जळगावला मोहिनीताईंकडे दाखवा."

अशी अक्का त्याला घेऊन दर आठवड्याला येऊ लागली. अमळनेरहून ती गाडी पकडी. आता हे ऐका, मित्रांनो. ती गाडी सुरतेहून यायची.

पहिल्या दिवशी मोहिनीताई दाराशी अक्काशी बोलत होत्या. कुंदन फळीपाशी पाठमोरा उभा होता.

"त्याले सांगानं नही, मॅडम," अक्का हलक्या आवाजात म्हणाली. "धाकलं लेकरू शे. छाती फुटी जाई त्यानी."

"मी आपणहून सांगणार नाही, अक्का. ते घरच्यांनीच सांगायचं असतं," ताई म्हणाल्या. "पण मी त्याच्याशी खोटंही बोलणार नाही. त्याने मला विचारलं तर मी म्हणेन, चल, हे तुझ्या आजीला विचारू."

"तो इचारतच नही आते."

"तेच तर मला काळजीचं वाटतं."

कुंदनने फळीवरून आगगाडी घेतली. माझ्या एका टोकाला वाळूचा उंचवटा केला. दुसऱ्या टोकाला चार काड्यांचे घर केले. मधे बोटाने लांब रेघ ओढली. खालचा निळा रंग उघडा पडला. त्या रेघेवरून त्याने गाडी आणली. घरापाशी थांबवली. एकेका डब्यावर वाकून पाहिले. मग गाडी परत नेली. पुन्हा आणली. पुन्हा प्रत्येक डब्यात डोकावला. तासभर त्याने दुसरे काही केले नाही, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

"गाडीत कुणालातरी शोधणं चाललंय," मोहिनीताई हळूच म्हणाल्या. विचारले नाही, नुसते म्हणाल्या.

कुंदनचा हात क्षणभर थांबला. त्याने मान वर केली नाही, पण पुढच्या खेपेला गाडी थोडी ताईंच्या बाजूने वळवून नेली.

नंतर अक्काने ताईंना सांगितले, की स्टेशनवर गाडी आली की तो हात सोडवून पळतो आणि डब्याडब्यातून बायकांची तोंडे पाहतो. "गाडी सुटाना टाइम व्हई जास, मॅडम. वढत आनना पडस त्याले."

आठवडे गेले. कुंदन माझ्याशी मोकळा होऊ लागला. फळीवर एक हिरव्या रंगाची लाकडी बाई होती. एके दिवशी त्याने तिला उचलले आणि पलीकडच्या उंचवट्यावर उभे केले. तिच्याभोवती डॉक्टरच्या पेटीतली सुई, नळी, सगळे ठेवले. मग एक बारीकसा लाकडी मुलगा घेतला आणि त्याला अलीकडच्या घरात बसवले. मुलगा घर झाडू लागला. भांडी घासू लागला. मातीच्या ताटलीतली सगळी भाकरी त्याने संपवली. हात जोडून भिंतीशी गुपचूप बसला. मग गाडी आली. मुलाने सगळे डबे पाहिले. बाई आली नव्हती. मुलगा पुन्हा झाडू लागला.

"तो मुलगा किती शहाण्यासारखा वागतोय," ताई म्हणाल्या.

तेव्हा कुंदन पहिल्यांदा बोलला. आपल्या आवाजात नाही, बाईच्या आवाजात. हिरव्या बाईला त्याने उचलले, मुलासमोर आणले आणि ती मुलाला रागावली: "लई तरास देस तू माले. मी निंघी जासू आते."

मग बाईला त्याने परत उंचवट्यावर नेऊन ठेवले. आणि तिच्यावर मूठमूठ वाळू घालत राहिला, ती दिसेनाशी होईपर्यंत.

मित्रांनो, हे तुमच्याही घरात कुणी कधी दमून म्हटले असेल. पुनमही तसेच म्हणाली होती, हे पुढे कळले. ताप येण्याच्या आदल्या दिवशी कुंदनने पाण्याचा हंडा सांडला, तेव्हा ती म्हणाली आणि लगेच विसरलीही. कुंदन विसरला नाही. थोड्याच दिवसांत ती खरोखरच निघून गेली. घरात खरे कारण कुणी सांगितले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक कारण शोधून काढले. ते कारण तो स्वतः होता.

मोहिनीताईंनी योगराजला निरोप पाठवला. तो यायला तयार नव्हता. कापूस वेचणीचे दिवस होते. तरी आला. दाराशीच म्हणाला, "ताई, राग मानू नका. पण खेळून काय होणार? पोराला गोळ्या-औषध असेल तर द्या."

"योगराजभाऊ, आज फक्त कोपऱ्यात बसा. बोलू नका. बघा."

तो कोपऱ्यात बसला. अक्का त्याच्याशेजारी. कुंदनने बापाकडे एकदा पाहिले आणि नेहमीचा खेळ मांडला. उंचवटा. घर. रेघ. मुलगा झाडू लागला, भाकरी खाऊ लागला, हात जोडून बसला. गाडी आली. मुलाने डबे पाहिले. मग हिरवी बाई बोलली: "लई तरास देस तू माले. मी निंघी जासू आते."

योगराजने तो आवाज ओळखला. हुबेहूब पुनमचा सूर होता. त्याने गुडघ्यांत डोके घातले. मग कुंदनने मुलाच्या आवाजात, अगदी बारीक आवाजात म्हटले, "मी आते तरास देत नही. मंग तू कसाले येत नही?"

योगराज ताडकन उठून बाहेर गेला. अक्का मागोमाग गेली. दार उघडेच राहिले होते.

"सांगू नका, बापू," अक्का म्हणत होती. "तुमना पाया पडस. नका सांगू."

"अक्का, तो सोताले गुन्हेगार समजी ऱ्हायना. दिखनं नही का तुमले?"

"व्हई जाई बरा. मोठा व्हयना का समजी जाई त्याले."

"मोठा व्हवालोंग तो असाच झाडत बशी का?"

योगराज आत आला. त्याने मोहिनीताईंकडे पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, "सोप्या शब्दांत सांगा. झोपली, देवाघरी गेली, असं नका म्हणू. तो पुन्हा वाट बघेल."

योगराज माझ्या पलीकडे मांडी घालून बसला. माझ्या कडेवर त्याने दोन्ही हात ठेवले.

"कुंदन, तुन्ही माय सुरतले गयी, तव्हय तिले लई ताप व्हता. डॉक्टरनी लई औषध दिधं. पन ती वाचनी नही. ती मरी गयी, भाऊ."

कुंदनने गाडी धरून ठेवली होती. बाहेर रिक्षाचे भोंगे वाजत होते. मग त्याने विचारले, "मंग सुरतमा कोन शे?"

"कोनीच नही."

"गाडीमा?"

"गाडीमा बी नही."

कुंदनने वाळूची मूठ भरली आणि बापाच्या अंगावर फेकली. मग दुसरी. योगराजच्या डोळ्यांत, केसांत, शर्टात वाळू गेली. तो हलला नाही. मोहिनीताईंनीही अडवले नाही. इतकेच म्हणाल्या, "खूप राग आलाय. येणारच." माझी अर्धी वाळू सतरंजीवर सांडली, निळा तळ उघडा पडला, तेव्हा कुठे तो थांबला. आणि धापा टाकत म्हणाला, "मी हंडा सांडा म्हनीसन?"

"नही रे बाप्पा, नही!" योगराज वाळूवरून रांगतच त्याच्यापाशी गेला आणि त्याला छातीशी धरले. "ताप उना म्हनीसन. तुन्हामुळे नही. तू तिना लाडका व्हता."

मग कुंदन रडला. इतके दिवस साठलेले सगळे रडला. मी लाकडाची, मला त्याला जवळ घेता येईना. पण बाप होता. बापही रडत होता, आणि बाप रडतो आहे हे कुंदनने पहिल्यांदाच पाहिले. त्याने रडता रडता बापाच्या पापणीवरची वाळू बोटाने काढली.

त्यानंतर कुंदन काही एकदम हसरा-खेळता झाला नाही. काही दिवस तो आणखीच चिडला. पण आता तो विचारू लागला. मेल्यावर भूक लागते का? बाप मरेल का? आजी मरेल का? योगराज आता आपणच त्याला घेऊन येई आणि जमेल तशी खरी उत्तरे देई. घरी पुनमचा फोटो लागला. कुंदनने स्वतः त्याला हार घातला. एके दिवशी त्याने हिरव्या बाईला माझ्या मधोमध निजवले, तिच्यावर कडुनिंबाची पाने ठेवली, वाळूने झाकले आणि काठाला लाकडी मुलगा, बाप आणि आजी शेजारी शेजारी बसवली. पूर्वी सुरतेला जे घडले आणि ज्यासाठी त्याला कुणी नेले नव्हते, ते त्याने माझ्या वाळूत आपल्या हाताने केले.

मग एका सकाळी, बाजूला पाणी शिंपडलेल्या वाळूवर, त्याने बोटाने काहीतरी ओढले. एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना दोन गोल वळणे. 'क'. त्याने ते मोहिनीताईंना दाखवलेही नाही. लिहिले आणि पुढे खेळू लागला. पुढच्या काही आठवड्यांत बाकीची अक्षरे एकेक करून परत आली. जे डोके रात्रंदिवस एकच कोडे सोडवत होते, त्याला आता दुसऱ्या गोष्टींसाठी सवड झाली होती.

त्याचे येणे संपायच्या सुमारास अक्का एकदा त्याच्याबरोबर आली. मधल्या काळात ती आली नव्हती. ती वाळली होती. योगराज कुंदनला घेऊन बाहेर चहाला गेला, पण अक्का उठली नाही. ती सरकत सरकत माझ्यापाशी आली आणि तिने वाळूत हात घातला. मोहिनीताई तिच्याशेजारी बसल्या, जशा त्या मुलांशेजारी बसत.

"तुमी माले वाईट समजत व्हशात, मॅडम," अक्का म्हणाली. "लेकराले खोटं सांगं मी."

"मी तसं नाही समजत."

अक्का वाळू मुठीत घेई आणि सोडून देई. "तिले सुरतमा लाकडं लावी ऱ्हायनात, तव्हय मी आठे याले भात चारी ऱ्हायनू. माले तिनं तोंड दखाडं नही कोनी. मंग माले खरं कसं वाटी? तो गाडीमा तिले धुंडे ना, मॅडम... तो धुंडे तवर मनी पोर जित्ती व्हती."

मोहिनीताईंनी फळीवरून ती हिरवी बाई आणली आणि अक्काच्या हातात दिली. अक्काने ती पदराने पुसली. माझ्यात वाळूचा एक बारीकसा खड्डा केला, तिला त्यात आडवी ठेवली आणि डोक्याखाली वाळूची उशी केली. वाळू मात्र तिने वर घातली नाही. ते तिच्याने झाले नाही. बाहेर कुंदन हाक मारू लागला तशी ती डोळे पुसून उठली. ती बाई दिवसभर तशीच उघडी राहिली. मोहिनीताईंनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाला माझ्यात खेळू दिले नाही.

कुंदनला मी पुन्हा पाहिले नाही. ज्या मुलाचे येणे थांबते, ते बरे झाले असे ताई म्हणत. मला मात्र तो आठवतो.

पुढे मोहिनीताई आजारी पडल्या आणि त्यांनी काम सोडले. नवीन माणसे आली. भिंतीवर मोठा पडदा लागला. त्यावर अक्षरे गातात, आकडे नाचतात. मुले समोर रांगेत बसून बघतात. वाळूने फरशी घाण होते म्हणून मला मागे आणून टाकले. बाथरूमच्या दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने माझी वाळू घमेल्यात भरून नेली. ती आता कुठल्यातरी भिंतीत आहे. गाणाऱ्या अक्षरांवर माझा राग नाही. पण कधीकधी आतून एखाद्या मुलाचे रडणे ऐकू येते आणि कुणीतरी पडद्याचा आवाज वाढवते. तेव्हा माझा रिकामा निळा तळ मला फार जाणवतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा एखादा प्रश्न असेल, तर तो एकट्याने सोडवू नका. कुणाला तरी विचारा. तोंडाने जमत नसेल तर माती घ्या, बाहुल्या घ्या, खेळून दाखवा. आणि तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माझा एवढा निरोप द्या. मूल खेळत असेल तेव्हा त्याच्याजवळ थोडा वेळ गप्प बसा. त्याने विचारले, तर खरे सांगा. आणि खरे सांगून झाल्यावर लगेच उठून जाऊ नका.